आनंदीबाईंचे प्रस्थान

जुन्या काळी लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी प्रस्थान ठेवण्याची रीत आपल्याकडे होती. निघण्याचा दिवस मुहूर्ताच्या दृष्टीने सोयीचा नसला, म्हणजे आधीच्या एखाद्या शुभ वेळी प्रवासातले एखादे वस्त्र, नारळ आणि सुपारी असे गाठोड्यात बांधून ते वाटेवरच्या घरी नेऊन ठेवीत. गाठोडे गेले की माणूस निघालाच, असे समजले जाई. इ. स. १८८३ च्या एप्रिल महिन्यात कलकत्त्याच्या बंदरात एक अठरा वर्षांची महाराष्ट्रीय स्त्री अमेरिकेला जाण्यासाठी आगबोटीत चढली. तिच्याबरोबर तिचा पती नव्हता, भाऊ नव्हता, आप्तांपैकी कोणीही नव्हते. परंतु तिचे प्रस्थान मात्र तीन वर्षे आधीच, समुद्रापलीकडच्या एका घरी जाऊन पोहोचले होते. ते गाठोडे पत्रांचे होते. ही स्त्री म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी होत.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. वडिलांचे नाव गणपतराव. घराणे पूर्वी संपन्न होते. पण यमुनेच्या बालपणी ते वैभव ओसरले होते. त्या काळच्या रूढीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी तिचा विवाह झाला. वर गोपाळराव जोशी हे टपाल खात्यात नोकरीस होते. ते बिजवर असून यमुनेपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. विवाहाच्या वेळी गोपाळरावांनी हुंड्याची नव्हे, तर एक निराळीच अट घातली. पत्नीला शिकविण्याची मोकळीक आपणांस असली पाहिजे, अशी ती अट होती. सासरी यमुनेची आनंदी झाली आणि तिच्या हातात पाटी आली.

हे शिक्षण सुखाचे नव्हते. गोपाळराव स्त्रीशिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते होते, तसेच ते अत्यंत तापट आणि हेकट होते. दहा वर्षांच्या मुलीने अभ्यासात कुचराई केली, असे वाटताच ते तिच्यावर हात टाकीत. लाकडाचा तुकडा, पुस्तक, खुर्ची, जे हाताशी येईल ते अंगावर येई. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या गोष्टींचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केला आहे. आपल्या शिक्षणाचे श्रेय त्या पतीला मनःपूर्वक देत. परंतु लहान मुलीवर अशा वर्तनाचा काय परिणाम होतो, हेही त्यांनी लपवून ठेवले नाही. गोपाळरावांमुळे आनंदीबाई शिकल्या हे जितके खरे, तितकेच त्यांनी दिलेला जाच अन्यायाचा होता हेही खरे. चरित्र वाचणाऱ्याने या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

घराबाहेरचा त्रास वेगळाच होता. गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा त्यांचा संसार गावोगाव फिरत राहिला. मुंबईत आनंदीबाई मिशनच्या शाळेत जाऊ लागल्या, तेव्हा हातात पुस्तके घेऊन रस्त्याने चाललेली विवाहित ब्राह्मण मुलगी हा लोकांना एक तमाशाच झाला. माणसे थांबून बघत, हसत, अद्वातद्वा बोलत. आनंदीबाई मान खाली घालून शाळेची वाट चालत राहिल्या. पुढे परक्या देशात जे सोसावे लागणार होते, त्याचा पहिला धडा त्यांना अशा रीतीने मुंबईच्या रस्त्यावरच मिळाला.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या. मुलगा झाला, पण तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वेळी योग्य उपचार मिळाले असते, तर आपले मूल वाचले असते, ही खंत त्या कोवळ्या आईच्या मनातून कधीच गेली नाही. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरसमोर येत नसत. दुखणे अंगावर काढीत, सुइणीच्या हाती जीव सोपवीत आणि पुष्कळदा त्यातच संपत. स्त्री डॉक्टर तर जवळजवळ नव्हत्याच. आपल्यासारख्या किती आया असतील, हा विचार आनंदीबाईंच्या मनात घर करून बसला. आपण वैद्यकी शिकावी, हा त्यांचा निश्चय या दुःखातून झाला. परदेशी जाण्याच्या तयारीत त्यांनी पुढे जे जे मिळविले, त्या सर्वांचा पाया हा निश्चय होता. आपण कशासाठी जात आहोत, हे त्यांना इतके स्वच्छ ठाऊक होते, की त्याविषयी कोणी विचारले असता त्यांना उत्तर शोधावे लागत नसे.

निश्चय झाला, पण मार्ग कोठे होता? कोल्हापूरच्या मुक्कामात गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला. रॉयल वाइल्डर हे त्यांचे नाव. त्यांनी कोल्हापुरात बरीच वर्षे काम केले होते आणि आता ते स्वदेशी परतून एक मासिक चालवीत होते. आपल्या पत्नीच्या शिक्षणाची सोय अमेरिकेत होईल काय आणि आपणांस तेथे काही काम मिळेल काय, असे गोपाळरावांनी विचारले. आलेले उत्तर निराशेचे होते. पतिपत्नींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदतीचा विचार होईल, असा त्याचा आशय होता. ही अट जोशी दांपत्यास मान्य होण्यासारखी नव्हती. बोलणे तेथेच थांबले. मात्र हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापला आणि ते मासिक त्यांच्या देशात दूरदूर गेले.

कधी कधी बंद झालेल्या दाराच्या फटीतूनच उजेड येतो. न्यू जर्सी संस्थानात रोझेल नावाचे एक लहान गाव आहे. तेथे राहणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई १८८० साली दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत वेळ घालविण्यासाठी त्यांनी समोर पडलेले एक मासिक उचलले. त्यात त्यांना हा पत्रव्यवहार आढळला. हजारो मैलांवरील एका अनोळखी मुलीची शिकण्याची तळमळ आणि धर्मांतराच्या अटीवर अडलेली तिची वाट पाहून त्या बाईंचे मन हेलावले. त्यांनी स्वतः होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि मदतीचा हात पुढे केला. त्यांची कोणतीही अट नव्हती.

येथून दोन स्त्रियांचा एक विलक्षण पत्रव्यवहार सुरू झाला. त्या काळी पत्र बोटीने जाई, बोटीने येई. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती पडेपर्यंत दोन-तीन महिने सहज उलटत. तोवर गोपाळरावांची बदलीही होऊन जाई आणि पत्र मागोमाग नव्या गावी येई. तरी दोघींनी लिहिण्यात खंड पडू दिला नाही. आनंदीबाईंनी आपल्याकडचे सण, व्रते, विवाहाच्या चाली, घरातील रीतिरिवाज यांविषयी लिहिले. पलीकडून तेथील जीवनाविषयी लिहून येई. हळूहळू कार्पेंटरबाई आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. पत्रातील मायना तसा झाला आणि नातेही तसेच झाले.

या पत्रांनी आनंदीबाईंची जी तयारी करून घेतली, ती कोणत्याही शाळेत झाली नसती. मनातील विचार इंग्रजीत नेमकेपणाने मांडण्याचा सराव त्यांना झाला. आपल्या चालीरीती परक्या माणसाला समजावून सांगताना त्यांकडे नव्या दृष्टीने पाहण्याची सवय लागली. बालविवाहासारख्या चालींचे दोष त्यांना दिसू लागले आणि आपल्या समाजातील चांगल्या गोष्टींविषयीचा अभिमानही अधिक डोळस झाला. परदेशात आपल्याला समजून घेणारे एक तरी माणूस आहे, ही जाणीव तर सर्वांत मोलाची होती. घरच्या माणसाने गाठोडे आधी पोहोचवावे, तसे आनंदीबाईंचे मन त्या घरी आधीच जाऊन राहिले होते.

१८८१ च्या सुमारास जोशी दांपत्य कलकत्त्यास आले. बंगालची हवा आनंदीबाईंना मानवली नाही. डोके सतत दुखे, मधून मधून ताप येई, अशक्तपणा वाटे, कधी धाप लागे. मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठविली. त्यांचाही गुण आला नाही. पुढे गोपाळरावांची बदली कलकत्त्याजवळ, हुगळी नदीच्या काठी वसलेल्या सेरामपूर येथे झाली. अमेरिकेस दोघांनी मिळून जावे, असा मूळचा बेत होता. तो जमेना. गोपाळरावांच्या वृद्ध आईचा आणि धाकट्या भावांचा भार त्यांच्यावर होता. नोकरी सोडून चालणार नव्हते आणि दोघांच्या खर्चाइतका पैसाही नव्हता. अखेर आनंदीबाईंनी एकटीने जावे, असे ठरले. निघणाऱ्याची प्रकृती निकोप नव्हती, ही गोष्ट दोघांनाही माहीत होती. एवढ्या मोठ्या तयारीत हीच एक बाजू दुबळी राहिली आणि पुढे तिचीच फार मोठी किंमत द्यावी लागली.

आनंदीबाई जाणार ही वार्ता पसरताच चोहोकडून टीकेचा भडिमार सुरू झाला. समुद्र ओलांडणे हे तेव्हा महत्पाप समजले जाई. परदेशी जाऊन आलेल्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागे. न घेतल्यास ज्ञातीचे दार बंद होई. येथे तर स्त्री, तीही विवाहित, तीही एकटी. ती बाटणार, परत येणारच नाही, आली तरी तिला घरात कोण घेणार, अशी बोलणी उघडपणे होऊ लागली. काही ख्रिस्ती मंडळींनाही हिने आपल्या धर्मात येऊनच जावे, असे वाटत होते.

अशा वेळी गुपचूप निघून जाणे सोपे होते. आनंदीबाईंनी तसे केले नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या श्रोत्यांसमोर उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेस का जात आहोत, हे त्यांनी इंग्रजीत भाषण करून सांगितले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष पुरे व्हायला महिन्याभराहून अधिक अवकाश होता. हिंदू स्त्रीने भरसभेत बोलावे, हेच मुळी तेव्हा दुर्मिळ होते.

लोक आपल्याला जे सहा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते त्यांनी स्वतःच सभेपुढे ठेवले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस कशासाठी? वैद्यकी शिकण्यासाठी, कारण या देशात स्त्री डॉक्टरांची अतिशय गरज आहे. येथेच का शिकत नाही? कारण येथे तशी पुरेशी सोय नाही. मद्रासला स्त्रियांना प्रवेश आहे, पण इतरत्र बहुतेक सुइणीचे काम शिकविण्यापलीकडे मजल गेलेली नाही, आणि शिकायला घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला रस्त्यात काय ऐकावे लागते, याचा आपणांस अनुभव आहे. एकटीच का? घरची जबाबदारी पतीवर आहे म्हणून. परत आल्यावर ज्ञातीने वाळीत टाकले तर? त्याची आपणांस भीती नाही. आपण हिंदू म्हणून जात आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. आपला पोषाख, आहार आणि आचार तेथेही बदलणार नाही. तेथे काही संकट ओढवले तर? संकटे घरी बसलेल्यावरही येतात. जे कोणत्याही स्त्रीने केले नाही, ते आपणच का करावे? समाजाचे आपल्यावर ऋण असते आणि ते ज्याने त्याने आपल्या परीने फेडले पाहिजे म्हणून.

या भाषणाची हकीकत वृत्तपत्रांतून दूरवर पसरली. विरोध सगळा निमाला असे नाही. तथापि विरोधकांना आता अफवांशी नव्हे, तर स्पष्ट शब्दांशी सामना करावा लागला. ठिकठिकाणांहून मदत येऊ लागली. टपाल खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने शंभर रुपये पाठविले. मोठमोठ्या घोषणा करून सुरू झालेली ही मोहीम नव्हती. एका कारकुनाच्या घरातील काटकसर आणि चार सुजनांचे साहाय्य, एवढ्या शिदोरीवर ती उभी होती.

आनंदीबाईंनी बरोबर काय घेतले, यापेक्षा त्यांनी काय सोडायचे नाही असे ठरविले, ते अधिक महत्त्वाचे आहे. नऊवारी लुगडे सोडायचे नाही, मांसाहार करायचा नाही, धर्म बदलायचा नाही. या तीन गोष्टींचे अभिवचन त्यांनी सभेत दिले होते आणि मनाशी त्याहूनही दृढपणे दिले होते. त्यांच्या दृष्टीने हा केवळ सोवळेपणाचा प्रश्न नव्हता. आपण बदलून परतलो, तर लोक आपली विद्याही दूर सारतील. ज्या स्त्रियांसाठी हे सारे करायचे, त्या आपल्याला परकी समजून जवळ करणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. ज्यांची सेवा करायची, त्यांच्यातलेच एक होऊन राहिले पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंची बोट कलकत्त्याहून सुटली. सोबतीला काही मिशनरी स्त्रिया होत्या. त्यांची सोबत फारशी सुखाची ठरली नाही. कारण धर्मांतराचा आग्रह बोटीवरही चालूच राहिला. शाकाहारी माणसाच्या खाण्याचे हाल झाले. सुएझच्या कालव्यातून इंग्लंड आणि तेथून अटलांटिक महासागर ओलांडून जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जून रोजी, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटर मावशी वाट पाहत उभ्या होत्या. दोघी एकमेकींना प्रथमच पाहत होत्या. परंतु पत्रांनी झालेली ओळख इतकी पक्की होती, की परकेपणाला जागाच उरली नव्हती. उन्हाळ्याचे महिने आनंदीबाईंनी रोझेलला मावशींच्या घरी काढले.

तेथून त्यांनी फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी अर्ज केला. केवळ स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्यासाठी हे महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले होते. आपल्या अर्जात आनंदीबाईंनी आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, हे मोकळेपणाने लिहिले. पुरेसा पैसा नाही, रीतसर शालेय शिक्षणही फारसे नाही. आहे तो निश्चय. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय साहाय्य मिळवून द्यावे, हा आपला हेतू त्यांनी त्यात कळविला. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांच्या मनावर या अर्जाचा फार परिणाम झाला. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीही मिळाली. १८८३ च्या ऑक्टोबरात त्यांचा अभ्यास सुरू झाला.

फिलाडेल्फियातील थंडी कडाक्याची. कल्याणच्या दमट हवेत वाढलेल्या आणि आधीच क्षीण झालेल्या देहाला ती सोसणे अवघड होते. राहण्याच्या खोलीत शेकोटी नीट पेटत नसे. ऊब मिळण्याऐवजी धूरच कोंडे. शाकाहारी जेवणाची धड व्यवस्था होईना. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत आणि थंडी बाधत असे. तेव्हा आनंदीबाईंनी पुष्कळ विचार करून पायघोळ गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. साडी राहिली, नेसण्याची तऱ्हा बदलली. एवढ्याशा फेरफारावरूनही गोपाळरावांची नाराजीची पत्रे आली. त्या पत्रांनी आनंदीबाईंच्या मनाला यातना झाल्या. पण त्यांनी आपली बाजू शांतपणे आणि स्वाभिमानाने पतीला लिहून कळविली. ज्या मुलीला पूर्वी उलट शब्द काढता येत नव्हता, ती आता विचाराने स्वतंत्र झाली होती. हेही परदेशातील शिक्षणाचेच एक फळ होते.

अभ्यास तीन वर्षांचा होता. शरीरशास्त्र, रसायन, औषधिविज्ञान, शवविच्छेदन, रुग्णपरीक्षा या साऱ्या विषयांशी त्यांनी परक्या भाषेत झुंज घेतली. पदवीसाठी जो प्रबंध लिहावयाचा असतो, त्याकरिता त्यांनी प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. दहा दिवसांच्या बाळाला मुकलेल्या आईने नेमका हा विषय घ्यावा, यात नवल ते काय? त्याच महाविद्यालयात तेव्हा जपानहून आलेल्या केई ओकामी आणि सीरियातून आलेल्या साबात इस्लामबुली याही शिकत होत्या. या तिघींचे १८८५ सालचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. प्रत्येकीने आपापल्या देशाचा वेष परिधान केला आहे. आनंदीबाई त्यात साडी नेसून बसल्या आहेत.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. आधीच्या वर्षी अमेरिकेस येऊन पोहोचलेले गोपाळराव समारंभाला हजर होते. पंडिता रमाबाई त्यासाठी इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. ज्या सभागृहात ही पदवी दिली गेली, तेथे भारतातून आलेल्या एखाद्या स्त्रीने ती स्वीकारण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. योगायोग असा, की त्याच वर्षी इकडे कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पुरे केले. ज्या दाराविषयी आनंदीबाईंनी सेरामपूरच्या सभेत तक्रार केली होती, ते दार स्वदेशातही उघडू लागले होते. कोल्हापूर संस्थानाने तर आनंदीबाई अमेरिकेत असतानाच त्यांना आपल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाचे प्रमुखपद देऊ केले. ज्या कोल्हापुरातून अमेरिकेला पहिले पत्र गेले होते, तेथेच आता डॉक्टर म्हणून त्यांना जायचे होते. त्यांनी ते पद स्वीकारले.

पण शरीर साथ देईना. शेवटच्या वर्षात खोकला आणि ताप यांनी त्यांना ग्रासले. क्षयाने देह पोखरला होता. १८८६ च्या ऑक्टोबरात त्यांनी अमेरिकेचा निरोप घेतला आणि १६ नोव्हेंबर रोजी त्या मुंबईस उतरल्या. लोकांनी त्यांचे कौतुकाने स्वागत केले. बाटून येईल म्हणून जिच्याविषयी भाकिते केली होती, ती साडी नेसून, कुंकू लावून, आपल्या वचनाला जागून परत आली होती. उपचारांसाठी त्यांना पुण्यास आणण्यात आले. नाना उपाय झाले. कोल्हापूरची नेमणूक वाट पाहत राहिली. दवाखान्याची पायरी चढणे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला अद्याप एक महिना उरला होता.

ज्या विद्येसाठी त्यांनी एवढे सोसले, ती वापरण्याची संधी त्यांना मिळाली नाही. मग त्यांचे सारे श्रम वाया गेले काय? असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. दुसऱ्याच वर्षी, १८८८ साली, कॅरोलिन डॉल या लेखिकेने अमेरिकेत त्यांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. काशीबाई कानिटकर यांनी ते मराठीत लिहिले आणि महाराष्ट्रातील घराघरांतून मुलींनी ते वाचले. मुलीने वैद्यकी शिकणे अशक्य आहे, असे म्हणण्याची सोय त्यानंतर कोणाला राहिली नाही. त्याचबरोबर आनंदीबाईंच्या जीवनातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मनाची, भाषेची आणि स्नेहाची तयारी त्यांनी परिपूर्ण केली. परंतु देहाच्या तक्रारीकडे त्यांनी स्वतः आणि त्यांच्या भोवतालच्यांनी हवे तेवढे लक्ष दिले नाही. मोठ्या कार्यासाठी निघणाऱ्याने ज्या शरीराच्या आधाराने ते करायचे, त्याचीही चिंता वाहिली पाहिजे.

आनंदीबाईंच्या निधनानंतर गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेस मावशींकडे पाठविली. न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी गावाच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, मावशींनी ती ठेवली आणि तेथे शिळा बसविली. शिक्षणासाठी भारताबाहेर आलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशी आनंदीबाईंची नोंद त्या शिळेवर आहे. तीन वर्षांच्या पत्रांनी ज्यांच्याकडे त्यांचे प्रस्थान ठेवले गेले होते, त्यांच्याच हाती त्यांची रक्षा शेवटी सोपविली गेली.